वेरूळ, परळी, औंढा सायकलने: निघण्याआधी स्पोक तपासा

घृष्णेश्वर, वैजनाथ आणि नागनाथ ही मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं एका दमात सायकलने करायची तर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातं. चाकाच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर सरकते, म्हणजे सगळे मिळून दीड लाखाहून जास्त फेरे. प्रत्येक फेऱ्यात स्पोक खाली आला की त्याचा ताण क्षणभर उतरतो, वर गेला की परत चढतो. बाइंडिंगची तार हाताने मागेपुढे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसंच हे, फक्त सावकाश. स्पोक ओझ्याने क्वचितच तुटतो, तो थकून तुटतो. आणि सैल स्पोक आधी थकतो.

म्हणून निघायच्या तीन आठवडे आधी चाकं काढून स्वच्छ धुवा आणि मागच्या चाकापासून सुरुवात करा. कॅरियरचं ओझं मागे, पॅडलचा जोर मागे. शिवाय गिअरच्या सायकलला फ्रीव्हीलसाठी, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचासाठी, जागा करायची म्हणून उजवीकडचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, डावीकडचे त्यामानाने ढिले. स्पोक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकातून बाहेर येऊन जिथे वळतो, त्या कोपरावर नजर ठेवा, कारण बहुतेक स्पोक तिथेच तुटतात. चिंधीला थोडं रॉकेल लावून एकेक कोपर पुसा. गंजाची तांबूस कडी दिसते का, केसाएवढी चीर दिसते का ते पाहा. चेन कधी मोठ्या चकतीवरून आत पडली असेल तर उजवीकडच्या स्पोकवर खाचा पडलेल्या असतात. खाच नखाला लागली तर तो स्पोक बदलायचाच, आणि डिरेलरवरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावरचा, ‘एल’ लिहिलेला स्क्रू नीट बसवून घ्यायचा, नाहीतर नवीन स्पोकचीही तीच गत.

मग टिचकी मारून ऐका. एका बाजूचे सगळे स्पोक जवळपास एका सुरात वाजायला हवेत. मागच्या चाकाची डावी बाजू खालच्या सुरात वाजते, ते बरोबरच आहे. मध्येच एखादा बद्द वाजला तर तो सैल. इथे एक घोळ नेहमी होतो: दुकानातून आऊट, म्हणजे रिमचं डुलणं, काढून आणलेलं चाक सरळ फिरतं, म्हणून ते ठीक आहे असं आपण धरून चालतो. पण चार स्पोक आवळून आणि चार ढिले ठेवूनही आऊट निघतो. ब्रेकपाशी रिम एक मिलिमीटर डुलली तरी चालेल, पण ताण सारखा हवा.

वर्षभरात तिसरा स्पोक तुटला असेल तर एकेक बदलत बसू नका, त्या चाकाचे सगळेच नवे टाका. बाकीचेही तेवढेच फेरे फिरलेले असतात. सध्याचे स्पोक १४ गेजचे, म्हणजे २ मिलिमीटरचे असतील तर तेच घ्या. १३ गेज, म्हणजे २.३ मिलिमीटर, दिसायला दणकट, पण हबच्या भोकात तो नीट बसत नाही. उलट मध्ये १.८ मिलिमीटरपर्यंत बारीक केलेला स्पोक थोडा ताणतो आणि धक्का कोपरापर्यंत पोचू देत नाही, म्हणून जास्त टिकतो. हे दुकानदाराला पटवणं अवघड असतं. स्टेनलेस ओळखायला चुंबक लावण्याचा उपयोग नाही, ओढून काढलेल्या स्टेनलेस तारेलाही चुंबक थोडं चिकटतं. निपल, म्हणजे रिमपाशी स्पोक आवळणारं छोटं नट, पितळी घ्या. आटे बसवण्याआधी घाण्याचं जवसाचं तेल बोटाने लावा. चावी फिरवताना ते वंगणाचं काम करतं, आणि नंतर सुकून चिकट होतं, त्यामुळे निपल आपोआप सुटत नाही.

ताणमापक मिळाला तर मागच्या उजव्या बाजूला १०० ते १२० किलो ताण ठेवा, पण रिमची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळा. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: हातमोजे घालून एका बाजूचे समांतर स्पोक जोडी-जोडीने मुठीत धरून जोरात दाबायचे, चाकभर. कोपर हबला नीट बसतात आणि वाकवताना तारेत राहिलेला ताण निघून जातो. यात चाक थोडं आऊट होतं, ते परत काढा. मग सामान लादून शंभरेक किलोमीटर चालवा आणि पुन्हा टिचकी. तीन आठवडे लागतात ते यासाठी.

पिशवीत निपलच्या मापाची चावी घ्या. पुढच्या चाकाचा एक, मागच्या डावीकडचा एक आणि उजवीकडचे दोन जादा स्पोक निपलसकट चेनस्टेला, म्हणजे चेनशेजारच्या फ्रेमच्या नळीला, टेपने बांधा. उजवे-डावे लांबीत एखाद-दोन मिलिमीटरने वेगळे असतात, टेपवर खूण करा. उजवीकडचा स्पोक बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं, म्हणून सोबत तुमच्याच फ्रीव्हीलचा रिमूव्हर घ्या.

काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, म्हणून डांबर लाटांसारखं वर-खाली असतं. तिथे सीटवरून थोडं उठा. गळीत हंगामात ट्रॉल्यांमधून पडलेल्या उसाच्या कांड्या चुकवा. एक जरी डिरेलरमध्ये अडकली तर तो स्पोकमध्ये ओढला जातो.

वाटेत उजवा स्पोक तुटला तर रिम डावीकडे सरकते. तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळा, डावीकडचे जवळचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, ब्रेक थोडा उघडा आणि हळू पुढच्या गावापर्यंत जा. तिथे सायकलचं दुकान नसलं तरी फॅब्रिकेशनचं असतं. रिमूव्हर त्यांच्या व्हाइसमध्ये उभा आवळा, फ्रीव्हील त्यावर बसवा आणि दोन्ही हातांनी रिम धरून ट्रकच्या स्टेअरिंगसारखं चाक डावीकडे फिरवा. कट्ट आवाज आला की सुटलं.