एआयकडून लिहून घेताय? या चुका टाळा, नाहीतर कांदेबागेचा कांदा होतो

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं टायपिंग-डीटीपी-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. आधी लोक वहीच्या कागदावर खरडून आणायचे, अर्धं वाचता यायचं नाही, पण वाचलं की समजायचं हा माणूस कोण आहे, कुठल्या गावचा आहे, रागात लिहिलंय का रडत लिहिलंय. २०२२ च्या नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं आणि मग हळूहळू दुकानात जो मजकूर यायला लागला तो सगळा एकाच माणसानं लिहिल्यासारखा. लग्नाची पत्रिका असो, वाढदिवसाचा बॅनर असो, नाहीतर सरपंचाचं मनोगत, सगळीकडं "आजच्या धावपळीच्या युगात" आणि "मोलाची भूमिका बजावते". लोक मोबाइल पुढं करतात, म्हणतात भाऊ फक्त प्रिंट मार.

मी एआयच्या विरोधात नाही बरं का, मी स्वतः दिवसभर वापरतो. पण रोज वीस-पंचवीस मजकूर नजरेखालून जातात आणि चुका त्याच त्या दिसतात, म्हणून लिहून काढलं.

सगळ्यात मोठी चूक: रिकाम्या हातानं जाणं

म्हणजे असं की माणूस एआय उघडतो आणि टाइप करतो "काकांवर श्रद्धांजली लिहून दे". बस, एवढंच. आता त्या बिचाऱ्याला काका माहीत नाहीत, मग तो काय करणार. हे टूल चालतं कसं, तर आधीच्या शब्दांवरून पुढं काय यायची शक्यता जास्त आहे ते बघून ते एकेक तुकडा जोडत जातं, आणि श्रद्धांजली म्हटलं की सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलेलं काय? "कधीही भरून न निघणारी पोकळी". तेच येणार. तुम्ही काही दिलंच नाही तर ते सगळ्या जगाची सरासरी काढून तुमच्या हातात ठेवतं.

मागच्या हिवाळ्यात एक पोरगा आला होता, काकांच्या पहिल्या पुण्यस्मरणाचा मजकूर घेऊन. मी वाचला. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व, पोकळी, भावपूर्ण आदरांजली. मी म्हटलं नाव बदललं तर हाच मजकूर माझ्या सासऱ्यांना पण चालेल. तो जरा चिडला, साहजिक आहे. मग मी त्याला चहा सांगितला आणि मोबाइलच्या कीबोर्डवरचं मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून समोर ठेवला आणि तीनच गोष्टी विचारल्या: काका घरात आले की पहिलं काय बोलायचे, कशावरून ओरडायचे, आणि त्यांची कोणती वस्तू अजून घरात तशीच आहे.

पोरगा बोलायला लागला तर दहा मिनिटं थांबेना. काकांची केळी होती. थंडी वाढली की केळीला चरका बसतो, त्या भीतीनं काका रात्री दोन-दोन वाजता बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत बसायचे, आणि सकाळी त्या धुराच्या वासाचं स्वेटर घालूनच पोरांना शाळेत सोडायला जायचे. ओरडायचे कशावरून, तर मोटर बंद करायला विसरलं की. आणि दारात कोणी आलं तर आधी विचारायचे "जेवला का रे", मग विचारायचे "कोण तू?"

संपला विषय. हे लिहायला कोणतं एआय लागतं? हे एआयला सात जन्मात सुचणार नाही, कारण हे इंटरनेटवर नव्हतंच, त्या पोराच्या डोक्यात होतं. मग आम्ही ते बोललेलं सगळं जसंच्या तसं एआयला दिलं आणि सांगितलं की फक्त शुद्धलेखन बघ, वाक्यं बदलू नको, काही गाळू नको. तरी त्यानं "जेवला का रे" चं "जेवण केलेस का" करून ठेवलंच. ते हातानं परत बदललं. बॅनरवर तेच वाक्य सगळ्यात वर घेतलं.

तेव्हा पहिलं आपण बोलायचं. वाकडंतिकडं चालेल, अर्धं अहिराणी अर्धं मराठी चालेल, पण कच्चा माल आपल्या घरचा पाहिजे.

दुसरी: आपल्या कामाचे शब्द त्याच्या हवाली करणं

हा किस्सा माझ्या मेव्हण्याचा. यावलकडं त्याची केळी आहे. त्यानं व्यापाऱ्यांसाठी मेसेज लिहिला होता, अगदी नीट: "कांदेबागचा माल कापायला आला आहे, घड वीस-बावीस किलोचे, चरका बसलेला नाही, भाव बोर्डाप्रमाणे, बाग पाहून जावी." यात काय कमी होतं सांगा. पण साहेबांना वाटलं जरा भारी करू, दिला एआयला. परत आलं ते असं: "आमच्या कांद्याच्या बागेतील दर्जेदार उत्पादन आता काढणीसाठी सज्ज आहे! निसर्गाच्या कुशीत वाढलेला, उन्हाचा चटका न बसलेला..."

कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास लावलेली केळी आणि जून-जुलैतली ती मृगबाग, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. एआयला "कांदे" दिसले, त्यानं कांदा केला. चरका शब्द ओळखीचा वाटला नाही, त्याचा चटका केला. आणि पुढची पंचाईत अशी की मेव्हण्यानं न वाचता तो पाच ग्रुपवर टाकला. संध्याकाळी बाहेरच्या एका व्यापाऱ्याचा फोन, "लाल आहे का पांढरा?"

यात शिकायचं काय तर, एआयला चूक झाली असं कळतच नाही, ते त्याच आत्मविश्वासानं पुढं लिहीत राहतं. त्यामुळं आधीच सांगायचं: हे हे शब्द जसेच्या तसे ठेव. पिलबाग (कापलेल्या केळीच्या पिलांवर धरलेली बाग), घड, फणी, चरका, करपा, जे असतील ते. आणि "सुधारून दे" म्हणायच्या ऐवजी "चुका कुठं आहेत ते फक्त दाखव, बदल मी करतो" असं म्हणायचं. हा एवढा एक बदल केला तरी अर्धी भानगड मिटते, कारण "सुधार" म्हटलं की ते सगळंच नव्यानं लिहायला घेतं, आणि तुम्ही भिंतीचा पोपडा काढायला सांगितला होता तर गडी घरच पाडून बसतो.

अहिराणीबद्दल वेगळंच सांगावं लागेल

२०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी त्यातच धरतात) बोलणाऱ्यांची नोंद अठरा लाखांच्या वर आहे, म्हणजे लोक कमी नाहीत. पण आपण बोलतो भरपूर आणि लिहितो फार कमी, आणि एआय जे शिकतं ते लिहिलेल्यावरून शिकतं. त्यामुळं त्याला म्हटलं अहिराणीत लिही तर ते नाही म्हणत नाही, उलट आनंदानं लिहितं, आणि लिहितं काय तर मराठी वाक्य घेऊन शेवटी "शे" (म्हणजे "आहे") चिकटवतं. "तू काय करतोस शे". अरे भो, "तू काय करी ऱ्हायना" असं असतं ते! आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) एका बॅनरसाठी असाच मजकूर आला होता, दुकानात एक आजी नातवाचं झेरॉक्स काढायला बसल्या होत्या, त्यांना वाचून दाखवला, तर आजी म्हणे हाई कोन्या गावनी बोली शे?

अहिराणी, लेवा बोली, गुजर बोली, यातलं काही लिहायचं असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं जायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. एआय इथं कामाचं नाही. निदान आज तरी नाही.

सणावारांचं पण तसंच. कानबाईच्या (ही आपली खान्देशातली देवी) कार्यक्रमाचा मजकूर एकानं आणला त्यात मोदकांचा नैवेद्य होता. कानबाईला रोट असतात, मोदक कुठून आले? गणपतीच्या मजकुरातून आले असणार, दुसरं काय. कानबाईचा दिवस म्हणजे नागपंचमीनंतरचा रविवार, हे पण एआयनं चुकवलं होतं. दिवस, तारीख, नैवेद्य, नाती, हे सगळं प्रिंटच्या आधी स्वतः तपासा.

"अजून छान कर" चा नाद

पोरं काय करतात, एकदा लिहून घेतात, मग म्हणतात अजून छान कर, मग म्हणतात अजून भावनिक कर, मग अजून थोडं प्रोफेशनल. प्रत्येक फेरीत तुमचं थोडं थोडं उडतं. पहिल्या फेरीत तुमचा शब्द जातो, दुसऱ्या फेरीत वाक्याची ढब जाते, चौथ्या फेरीत जे उरतं ते कोणाचंच नसतं. माझा नियम साधा आहे, दोनदा. दोनदा करून जमलं नाही तर चॅट बंद करायचा, नवीन उघडायचा आणि आपला मूळ मजकूर परत द्यायचा, कारण त्याच चॅटमध्ये बसलात तर ते आधीच्या भारदस्त भाषेलाच धरून पुढं चालतं आणि तुम्ही कितीही सांगा साधं लिही, ते साधं म्हणून पण जड लिहितं.

आणि "माझ्या स्टाइलमध्ये लिही" हे वाक्य एकट्यानं काही कामाचं नाही, त्याला तुमची स्टाइल काय माहीत! तुम्ही घरच्यांना, मित्रांना पाठवलेले तीन-चार लांब मेसेज कॉपी करून द्या (नावं, नंबर, आधार-बिधार काढून, हे विसरू नका), आणि म्हणा असं बोलतो मी. मग बघा फरक. शंभर टक्के येणार नाही पण निदान शेजारच्या गावचा वाटाल, परदेशातला नाही.

मजकूर एआयचा वाटतोय हे ओळखायचं कसं

मला आता सवयीनं कळतं. "हे केवळ फळ नाही, तर एक भावना आहे", असं वाक्य दिसलं की समजायचं. आपण असं बोलतो का कधी? केळी म्हणजे भावना? केळी म्हणजे केळी. मग तीन-तीनचे गठ्ठे, "चव, सुगंध आणि परंपरा", "जिद्द, मेहनत आणि चिकाटी". मग "द्वारे" आणि "अविभाज्य भाग". मग "चला तर मग जाणून घेऊया". आणि शेवटी एक पॅरेग्राफ जो आधी सांगितलेलंच परत सांगतो. या टूलांना शिकायला इंग्रजी मजकूर ढीगभर मिळालाय आणि मराठी त्याच्या मानानं मूठभर, त्यामुळं शब्द मराठी असतात पण वाक्याचा सांगाडा पुष्कळदा इंग्रजीचा असतो.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मोठ्यानं वाचणं. मनात नाही, मोठ्यानं, आणि शक्यतो घरातल्या कोणासमोर. जिथं जीभ अडखळते किंवा ऐकणारा हसतो तिथं तुमचं नाही ते. एका जिभाऊंनी मुलाच्या लग्नातलं भाषण असंच बायकोला वाचून दाखवलं, "आपल्या उपस्थितीने हा मंगल सोहळा द्विगुणित झाला", तर त्या म्हणाल्या सोहळा कसा द्विगुणित होईल, दोन लग्नं लावताय का? आनंद द्विगुणित होतो एवढं तरी एआयला यायला पाहिजे होतं.

डिटेक्टरला घाबरून वेडेपणा करू नका

कॉलेजची पोरं येतात, की सरांनी असाइनमेंट डिटेक्टरमध्ये (मजकूर एआयचा आहे का ते सांगणारं टूल) टाकलं आणि एआय दाखवलं, आणि मी तर स्वतः लिहिलंय. असं होऊ शकतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच २०२३ च्या जानेवारीत असं ओळखणारं टूल काढलं होतं, त्यांनीच सांगितलं होतं की एआयनं लिहिलेल्यातलं फक्त २६ टक्के त्याला बरोबर ओळखता येतं आणि माणसानं लिहिलेलं ९ टक्के वेळा ते एआयचं म्हणून दाखवतं. त्याच वर्षी जुलैत बंद केलं, अचूकता कमी म्हणून. ज्यांनी एआय बनवलं त्यांची ही गत.

पण यावर पोरं उपाय काय काढतात, तर "ह्युमनायझर" नावाच्या, मजकूर माणसानं लिहिल्यासारखा करून देतो म्हणणाऱ्या ॲपमधून तो फिरवून आणतात किंवा मुद्दाम शुद्धलेखनाच्या चुका घालतात. त्यानं मजकूर तुमचा होत नाही, फक्त खराब होतो. त्यापेक्षा कच्ची वही जपून ठेवा, गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर व्हर्जन हिस्टरी दाखवा की मंगळवारी एवढं लिहिलं, बुधवारी एवढं. आणि सरांनी तोंडी दोन प्रश्न विचारले तर उत्तर देता यायला पाहिजे, ते नसेल येत तर मग डिटेक्टरचं काय चुकलं.

आणि कुठं बिनधास्त वापरावं हे पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा सगळंच नको म्हणतो. मीटर नादुरुस्त आहे, उताऱ्यावर नाव चुकलंय, रस्त्यावरचा दिवा बंद आहे, असल्या अर्जांना आपला आवाज-बिवाज काही लागत नाही. तिथं "उपरोक्त विषयास अनुसरून" असलेलंच बरं, साहेबाला तेच वाचायची सवय आहे. ते एआयकडून लिहून घ्या, तारीख आणि गट नंबर तेवढा नीट बघा, आणि खुशाल म्हणा भाऊ फक्त प्रिंट मार.