एफेम खरखरतोय? रेडिओ उघडू नका, धाब्यावर चढा

रावेरला पहिल्या पावसानंतर आमचा एफेम खरखरू लागला. मी उगाच रेडिओ उघडून बसलो. दोष धाब्यावरच्या, म्हणजे गच्चीवरच्या, अँटेनाच्या केबलीत होता.

केबलची दोन्ही टोकं सोडवा. मल्टिमीटर बीपवर ठेवून मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी तपासा. बीप वाजली तर शॉर्ट. नाही वाजली तर एका टोकाला दोन्ही एकमेकांना जोडून दुसऱ्या टोकाला पाहा. आता वाजली नाही तर तार तुटलीय.

माझ्या केबलीत पाणी शिरून जाळी हिरवी पडलेली. हातभर कापली, नवा कनेक्टर बसवला, वर सेल्फ-फ्यूजिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी). साधी काळी टेप आमच्या मे महिन्यात टिकतच नाही! कनेक्टरखाली केबलला लोंबता वळसा द्या, पाणी तिथून गळतं.

डायपोलची (दोन दांड्यांच्या अँटेनाची) एकेक दांडी 100 मेगाहर्ट्झला साधारण 71 सेंटिमीटर. टोकं स्टेशनकडे नकोत, दांड्या स्टेशनच्या दिशेला आडव्या धरा.