हॉस्पिटलसाठी सोलर मायक्रोग्रिड: पॅनलच्या आधी लोड बघा

गच्चीवर पॅनल लावले म्हणजे लाइट गेली तरी हॉस्पिटल चालेल असं नसतं हं, साधा ग्रिडवाला (म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला) सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःच बंद होतो, लाइनवरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बॅटरी आणि लाइट नसतानाही पॅनल-बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवाच; लाइट गेली तरी स्वतःच्या विजेवर चालणारी ही छोटी यंत्रणा म्हणजेच मायक्रोग्रिड.

खरेदीआधी आयसीयू, ओटी, ऑक्सिजन, लसींचे फ्रिज वेगळ्या डीबीवर (वीज वाटणाऱ्या बोर्डवर) काढा, ऑफिसचे एसी त्याच्या बाहेरच राहू देत. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते, दिवसाला सरासरी ४ युनिट धरा पण जुलैत बरेच कमी, त्यामुळे हिशोब पावसाळ्याचाच करा आणि डिझेल जनरेटर भंगारात काढायची घाई नको. बॅटरी बेसमेंटमध्ये अजिबात नको, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आठवतोय ना? वॉर्डात आधी सांगून, जनरेटर तयार ठेवून, मेन स्विच पाडून टेस्ट घेत जा.