स्वस्त एएनसी इअरबड्स: परत करण्याची मुदत संपण्याआधी हे तपासा

आधी सगळ्या मापांच्या रबरी टिप्स लावून पाहा. टिप सैल बसली की गाण्यातला बास पळतो आणि एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारं तंत्रही, कोलमडतं. बरेच जण इथेच बड्सना नावं ठेवतात.

मग गाणं बंद ठेवून धावत्या एसटीत किंवा जोरात फिरणाऱ्या पंख्याखाली बसा. बड्स कानातच ठेवून एएनसी चालू-बंद करा. काढून तुलना केली, तर नुसत्या रबरानं अडवलेला आवाजही एएनसीच्या खात्यात जमा होतो. घरघर स्पष्ट कमी व्हायला हवी. हॉर्न, कुकरची शिट्टी मात्र ऐकू येणारच, कारण एएनसीचा जोर खालच्या पट्टीवर असतो. शांत खोलीत सतत ‘सूंऽ’ खटकलं, तर परत करा.

बॅटरी एएनसी चालू ठेवूनच मोजा. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा चार्जिंग केसची बॅटरी धरून असतो.