पीसीतली धूळ : माझा अनुभव

कुर्ल्यात एलबीएस मार्गाला लागून घर, त्यामुळे खिडकी उघडली की धूळ आलीच. पीसी घोंघावायला लागला म्हणून झाकण काढलं, तर हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) धुळीचा थर. दमट हवेत ती चिकटते, फुंकरीने जात नाही. कोरड्या ब्रशने सोडवली, मग ब्लोअर मारला. (तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर बेअरिंगची वाट लागते.)

पण खरा फरक पडला तो हवेच्या दाबाने. पुढे १२० मिमीचे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागे तसाच एक बाहेर फेकणारा. आत दाब जास्त राहतो, म्हणून फटींतून हवा बाहेरच जाते. आत येते ती पुढच्या जाळीतून. तिथे फिल्टर लावलाय. तो अधूनमधून नळाखाली धुतो आणि पूर्ण वाळवूनच परत बसवतो.