काट्याचे वजन सर्व्हरवर येत नाही: सिरीयल पोर्टचा दोष कसा शोधावा

भुईकाट्याच्या इंडिकेटरवर, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्यावर, आकडा नीट दिसतो, पण सर्व्हरवरच्या पावतीत शून्य येते, कचरा येतो किंवा काहीच येत नाही. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग वाढत असते आणि पहिला उपाय म्हणून कोणीतरी प्रोग्राम काढून पुन्हा टाकतो. त्याने फारसे काही साधत नाही. वजनाचा आकडा इंडिकेटर, केबल, सिरीयलचे यूएसबी करणारा कन्व्हर्टर, लिनक्सचा ड्रायव्हर आणि शेवटी प्रोग्राम अशा वाटेने येतो. ही वाट मधोमध तोडून बघायची, चांगला अर्धा भाग बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यात शोधायचे. प्रोग्रामला हात सगळ्यात शेवटी.

इथे सर्व्हर उबुंटू किंवा डेबियनचा आणि इंडिकेटर आरएस-२३२ चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सिरीयल पोर्टचा, धरला आहे. यूपीएस, बारकोड स्कॅनर किंवा नेटवर्क स्विचचा कन्सोल असला तरी क्रम हाच. हाताशी मल्टिमीटर, तारेचा छोटा तुकडा, स्क्रूने तारा आवळायचा नऊ पिनी फीमेल कनेक्टर, एक जास्तीचा कन्व्हर्टर आणि सर्व्हरवर पोर्टशी बोलणारा ‘पिकोकॉम’ प्रोग्राम हवा. जास्तीचा कन्व्हर्टर शक्यतो एफटीडीआय चिपचा घ्या. स्वस्तातले चालत नाहीत असे नाही, पण दोष शोधताना हातातल्या साधनावरच शंका नको.

पोर्ट खरोखर आहे का

कन्व्हर्टर काढून पुन्हा लावा आणि लगेच रूट अधिकाराने ‘डीमेसेज’ ही कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश दाखवणारी आज्ञा चालवा. शेवटच्या ओळींत चिपचे नाव आणि ‘टीटीवाययूएसबी०’ असे नाव दिसले पाहिजे. एकही नवी ओळ आली नाही तर यूएसबीचे तोंड बदला, मग कन्व्हर्टर बदला. यूएसबी यंत्र सापडल्याची ओळ आहे, पण टीटीवाय नाव नाही, तर ड्रायव्हर गायब आहे. क्लाउडसाठी छाटलेल्या उबुंटू कर्नलमध्ये असे होते. त्या कर्नलचे ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ पॅकेज टाकावे लागते.

उबुंटू २२.०४ वर एक विचित्र प्रकार भेटतो. सीएच३४० चिपचा कन्व्हर्टर लावला की नाव येते आणि क्षणात जाते. ‘बीआरएलटीटीवाय’ हा ब्रेल पडद्यासाठीचा प्रोग्राम त्याला आपले यंत्र समजून ताब्यात घेतो. त्या सर्व्हरवर ब्रेल पडदा वापरात नसेल तर ते पॅकेज काढून टाका.

सर्व्हरच्या अंगच्या पोर्टचे नाव ‘टीटीवायएस०’ असे असते. नुसते नाव दिसले म्हणून पोर्ट आहे असे मानू नका, कारण चिप नसली तरी लिनक्स अशी काही नावे तयार करून ठेवते. ‘सेटसिरीयल’ आज्ञेने विचारा. उत्तरात यूएआरटी (पोर्टची चिप) ‘अननोन’ आले तर मागे काही नाही, किंवा बायोसमध्ये (सर्व्हर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पोर्ट बंद आहे. बायोसमध्ये गेलातच तर कन्सोल रीडायरेक्शनही (सर्व्हरचा पडदा सिरीयल पोर्टवर पाठवण्याची सोय) बघून घ्या. ते चालू असेल तर एक पोर्ट सर्व्हरने स्वतःसाठी ठेवलेला असतो.

तारेचा तुकडा

आता वाट तोडा. केबल काढा आणि कन्व्हर्टरच्या नऊ पिनांपैकी २ आणि ३ एकमेकींना जोडा. पिन ३ मधून संगणक पाठवतो, पिन २ वर ऐकतो, म्हणजे पाठवलेले त्यालाच परत मिळेल. पिकोकॉम ९६०० या वेगावर उघडून काहीतरी टाइप करा. अक्षरे पडद्यावर उमटली तर पोर्ट, ड्रायव्हर, कन्व्हर्टर तिन्ही ठीक. तार काढल्यावर अक्षरे थांबतात हेही बघा. थांबली नाहीत तर लोकल एको (टाइप केलेले प्रोग्रामनेच पडद्यावर दाखवणे) चालू आहे आणि चाचणीला अर्थ नाही.

पिकोकॉमऐवजी ‘मिनिकॉम’ वापरत असाल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधी बंद करा. मुळात ते चालू असते, आणि सीटीएसच्या (‘पाठव’ असे सांगणाऱ्या) पिनवर होकार मिळेपर्यंत एकही अक्षर बाहेर पडत नाही. धडधाकट पोर्ट याच कारणाने मेलेला वाटतो.

कन्व्हर्टर पास झाला की केबल परत लावा, तिचे इंडिकेटरकडचे टोक सोडवा आणि त्या टोकाला २ आणि ३ जोडून तीच चाचणी करा. मधली केबल तुटली आहे की नाही ते इथे कळते. उंदराने कुरतडलेली तार बाहेरून शाबूत दिसते.

मल्टिमीटर काय सांगतो

केबल इंडिकेटरला लावा आणि संगणकाकडचे टोक मोकळे ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी तार पिन ५ वर. आरएस-२३२ ची पाठवणारी तार शांत असताना उणे असते, साधारण -५ ते -१२ व्होल्ट. इंडिकेटर सतत वजन पाठवत असेल तर आकडा हलत राहील. हा उणे दाब केबलच्या पिन २ वर दिसला पाहिजे. पिन ३ वर दिसला तर तारा उलट आहेत आणि २ आणि ३ ची अदलाबदल करणारी नल मोडेम केबल किंवा अडॅप्टर हवा. पिनांचे क्रमांक प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, तेच वाचा. मेल आणि फीमेल तोंडांची मांडणी एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्याने अंदाजाने मोजलेली पिन हमखास चुकते.

दोन्हीकडे शून्य असेल तर केबल तुटली आहे किंवा इंडिकेटरचे आउटपुट बंद आहे. आउटपुट आरएस-२३२ ऐवजी करंट लूपचे (व्होल्टऐवजी प्रवाहाने संदेश देणारे) असेल तरी शून्यच दिसेल. शांत असताना स्थिर +३.३ किंवा +५ व्होल्ट मिळाले तर ते टीटीएल, म्हणजे चिपच्या कमी दाबाचे आउटपुट, असण्याची दाट शक्यता आहे. त्याला आरएस-२३२ थेट जोडू नका, इंडिकेटरचे सर्किट जळू शकते.

आकडे येतात, पण चुकीचे

बॉड रेट (माहितीचा वेग) अंदाजाने बदलत बसण्याआधी इंडिकेटरच्या मेनूत किंवा माहितीपुस्तिकेत तो बघा. ते शक्य नसेल तर ९६००, ४८००, २४००, १२००, १९२०० या क्रमाने जा. ‘एसटीटीवाय’ने पोर्टचा वेग लावा, मोड ‘रॉ’ ठेवा आणि येणारी माहिती ‘हेक्सडंप’मध्ये (प्रत्येक बाइट षोडशमान अंकांत दाखवणाऱ्या आज्ञेत) बघा. साध्या पडद्यावर न दिसणारी चिन्हे तिथे दिसतात: सुरुवातीचे ०२, शेवटचे ०३ किंवा ०डी, आणि मधले ३० ते ३९, म्हणजे ० ते ९ हे अंक. त्यातले काहीच ओळखू येत नसेल तर वेग चुकला आहे.

काही अंक बरोबर आणि काही कचरा, हे पॅरिटीचे, म्हणजे चूक ओळखण्यासाठी जोडलेल्या बिटचे, लक्षण. इंडिकेटर ७ बिट आणि इव्हन (१ ची संख्या सम ठेवणाऱ्या) पॅरिटीने पाठवतो आणि सर्व्हर ८ बिट, पॅरिटी नाही असे धरून वाचतो. दोन्हीकडे एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिटच लागतात, म्हणून वेग जुळल्यासारखा वाटतो. पण पॅरिटीचा बिट आठवा बिट म्हणून वाचला जातो. त्यामुळे ०, ३, ५, ६, ९ नीट येतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. हेक्समध्ये ३१ च्या जागी बी१ दिसते. नेमके उलटे घडत असेल तर पॅरिटी ऑड आहे. रिकाम्या काट्यावर सगळी शून्ये सुरेख येतात आणि गाडी चढली की गोंधळ होतो, त्याचे कारण बहुधा हेच. म्हणून रिकाम्या काट्यावर चाचणी आटोपू नका.

अंगच्या पोर्टसाठी कर्नल चुकांची नोंद ठेवते. ‘प्रोक’ फोल्डरातल्या ‘टीटीवाय’च्या आत ‘ड्रायव्हर’मध्ये ‘सिरीयल’ नावाची फाइल रूटने वाचा. ‘एफई’ वाढत असेल तर वेग जुळत नाही किंवा तारेत खरखर आहे, ‘पीई’ वाढत असेल तर पॅरिटी, आणि ‘ओई’ वाढत असेल तर माहिती उचलायला सर्व्हर उशीर करतो आहे. ‘आरएक्स’चा आकडाच हलत नसेल तर तारेवरून काही येत नाही. तो फक्त कोणीतरी पोर्ट उघडून ठेवला असतानाच मोजला जातो, एवढे ध्यानात ठेवा.

अंक अचूक, पण वजन अर्धे तुटलेले असेल तर दोष प्रोग्रामचा. त्याने ०२ ची वाट पाहून ०३ पर्यंत वाचायला हवे, हाती लागलेले पहिले आठ बाइट उचलू नयेत. काही इंडिकेटर एकक स्थानापासून उलटे आकडे पाठवतात. तेव्हा १२३४० किलोचे ०४३२१ होते.

पोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात

‘परमिशन डिनाइड’ आले तर प्रोग्राम ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याला ‘डायलआउट’ गटात घाला, मग त्याला लॉगआउट करून परत आत येऊ द्या आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. सगळ्यांना परवानगी देणारा ‘सीएचमॉड ६६६’ कन्व्हर्टर काढून लावला की पुसला जातो.

त्रुटीचा संदेश नसेल आणि आकडे मधूनमधून गळत असतील तर ‘एलएसओएफ’ने पोर्ट आणखी कोणी उघडला आहे का बघा. लिनक्स दोन प्रोग्रामांना एकच पोर्ट उघडू देते आणि येणारे बाइट दोघांत वाटले जातात. कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०’ असेल तर तिथे लॉगिनची ‘गेटी’ सर्व्हिस बसलेली असते आणि इंडिकेटरने पाठवलेले वजन ती वापरकर्त्याचे नाव म्हणून गिळते. ‘मोडेममॅनेजर’ही नवा पोर्ट दिसताच मोडेमच्या एटी आज्ञा पाठवून चाचपतो. मोडेम नसलेल्या सर्व्हरवर तो बंदच करावा.

प्रोग्राम पोर्ट उघडतानाच लटकला तर ‘सीलोकल’ ही पोर्टची सेटिंग लावा. तो नसेल तर लिनक्स पिन १ वर कॅरिअरची (समोरचे यंत्र जोडल्याच्या इशाऱ्याची) वाट बघत बसते, आणि तीन तारांच्या केबलमध्ये ती पिन जोडलेलीच नसते.

मधूनच बंद पडते

मोटर सुरू होताना कन्व्हर्टर क्षणभर गळतो आणि परत येतो. जुने नाव प्रोग्रामने धरून ठेवलेले असते, म्हणून नव्याला ‘टीटीवाययूएसबी१’ मिळते. डीमेसेजमध्ये पोर्ट हबने बंद केल्याची ओळ येते आणि तिच्यात कर्नल ‘ईएमआय?’ (विद्युत खरखर?) अशी शंकाही नोंदवते. प्रोग्रामला क्रमांकाचे नाव देऊ नका. ‘डेव्ह’ फोल्डरातल्या ‘सिरीयल’च्या आत ‘बाय-आयडी’मधले कायमचे नाव द्या. सीएच३४० ला सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून तसे दोन लावले असतील तर ‘बाय-पाथ’ वापरा आणि कोणते यूएसबी तोंड कोणाचे ते चिठ्ठी लावून ठेवा. कंटेनरमधला (डॉकरसारख्या वेगळ्या कप्प्यात चालणारा) प्रोग्राम असेल तर नाव परत आल्यावरही तो जुन्याच यंत्राला धरून राहू शकतो. कंटेनर पुन्हा सुरू करावा लागतो.

आरएस-२३२ साठी १५ मीटर ही जुनी मर्यादा आहे. ९६०० वर चांगल्या केबलने जास्त अंतर निघते, पण काटा आणि ऑफिस यांचे अर्थिंग वेगळे असेल तर पिन ५ मधून नको तो प्रवाह वाहतो आणि वळवाच्या विजांत पहिला बळी कन्व्हर्टरचा जातो. मध्ये दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा ऑप्टो आयसोलेटर बसवा आणि केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. अंतर मोठे असेल तर इंडिकेटरच्या आरएस-४८५ आउटपुटवर जा. मंद वेगाला १२०० मीटरपर्यंत चालते. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा, आणि काहीच येत नसेल तर आधी ए आणि बी या तारांची अदलाबदल करून बघा, कारण कोणत्या तारेला ए म्हणायचे यावर उत्पादकांचेच एकमत नाही.