पंखा बंद पडलेला लॅपटॉप वापरताना या चुका टाळा

पंखा बंद पडला म्हणून लॅपटॉप लगेच बंद पडत नाही, आणि घात होतो तो त्यामुळेच. गेल्या मे महिन्यात, नाशिकचा पारा चाळिशीला टेकला असताना, सिडकोतल्या आमच्या घरी लॅपटॉपची नेहमीची घरघर एकाएकी थांबली, तेव्हा मला तर बरेच वाटले होते. तिसऱ्या दिवशी टाइप केलेली अक्षरे पडद्यावर रेंगाळत उमटू लागली आणि बिजागरीजवळची, कीबोर्डच्या वरची पट्टी बोट टेकवू देईना, तेव्हा कुठे त्या शांततेचा अर्थ कळला.

प्रोसेसर स्वतःला वाचवतो, हे खरे आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की आपला वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र आपोआप बंद होते. मात्र या सोयीच्या भरवशावर दिवसभर काम रेटणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्याच कवचात शेजारी बसलेल्या बॅटरीला उष्णतेची झळ लागतच राहते आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. शिवाय फाइल साठवली जात असतानाच यंत्र बंद झाले, तर फाइल बिघडू शकते ती वेगळीच. म्हणून पंखा गेल्याचे लक्षात येताच, सकाळच्या गारव्यात, महत्त्वाच्या फाइल थोड्या थोड्या करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

तापमान हाताने अजमावू नये. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही; त्यासाठी कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटरसारखे सॉफ्टवेअर लागते. मी ८० अंश ही मर्यादा ठरवली होती. आकडा तिथे पोहोचला की काम थांबवून यंत्र पूर्ण बंद करायचे. खोलीच्या तापमानाचा हिशेबही विसरू नये, कारण खोली दहा अंशांनी तापली की त्याच कामाला प्रोसेसरही साधारण तेवढाच अधिक तापतो. जे काम निफाडच्या जानेवारीत निभावून जाईल, ते मे महिन्याच्या दुपारी निभावणार नाही.

सर्वाधिक फरक पडला तो एका सेटिंगने. पॉवर ऑप्शन्समधील प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्क्यांवरून ९९ वर आणले, तरी बहुतेक यंत्रांत टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचा वेग गरजेनुसार तात्पुरता वाढवण्याची सोय, बंद होतो. मी ते ५० पर्यंत खाली नेले आणि लिहिण्या-वाचण्याचे काम सुरळीत चालले. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही, तिथे पॉवर मोड सर्वाधिक बचतीचा ठेवावा. गेम आणि व्हिडिओ एडिटिंग या काळात वर्ज्यच समजावे, आणि बॅटरी चार्ज करायची तर यंत्र बंद ठेवून करावी. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. तेव्हा चार्जर ताबडतोब काढावा आणि ती दाबून पाहू नये.

गार करण्याच्या उपायांत तर उत्साहाच्या भरात भलतेच घडते. लॅपटॉप फ्रीजमध्ये ठेवल्यास बाहेर काढताच दव धरते, आणि पाण्याच्या कूलरसमोर ठेवल्यास दमट हवा, कधी तुषारही, आत जातात. त्यापेक्षा बाटल्यांची चार झाकणे खाली ठेवून तो टेबलापासून उचलावा आणि बाजूने साधा टेबल फॅन लावावा. गादीवर मात्र मुळीच ठेवू नये. कूलिंग पॅडचा, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायच्या पंखेवाल्या पाटाचा, उपयोग तळाला हवेच्या जाळ्या असतील तरच नीट होतो, नाहीतर विकत घेतलेले ते समाधानच!

पंखा खरोखर गेला आहे का, हेही आधी पाहावे. माझ्या लॅपटॉपचे झाकण उघडले तेव्हा पाती आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमदाच बसलेला निघाला, आणि त्यात अडकलेला एक केस. यंत्र बंद करून, बॅटरीची जोडणी काढून, पाते टूथपिकने अडवून मगच हवेचा फवारा मारावा. मोकळे पाते फवाऱ्याने भरधाव फिरले तर बेअरिंग खराब होऊ शकते. शिलाई यंत्राचे तेल घालण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण त्या तेलावर पुन्हा धूळच चिकटते.

साफ करूनही भागले नाही, तर नवा पंखा मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलपेक्षा जुन्या पंख्यावरच्या स्टिकरवरील क्रमांक आणि जोडणीतल्या तारांची संख्या जुळवावी, कारण दोन पंखे असलेल्या यंत्रांत डावा उजव्याला चालत नाही. पंखा बदलताना प्रोसेसरवरची तांब्याची नळी उचलावी लागली, तर जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता नळीकडे पोहोचवणारा लेप, पुसून नवी लावायला दुरुस्ती करणाऱ्याला आवर्जून सांगावे. माझ्या वेळी ते राहून गेले आणि नवा पंखा जोरात फिरत असतानाही आकडा ९० च्या खाली उतरेना, म्हणून लॅपटॉप दुसऱ्यांदा उघडावा लागला.